पावसाचे पाणी आणि त्यामागून येणारे जीव

छत्तीसगडच्या मैदानात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या मैदानातील भिलाई हे नगर १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती वसले. मोकळ्या जमिनीवर छपरे आणि रस्ते आले की पूर्वी मुरणारे पाणी वाहू लागते. त्यासाठी कोणत्याही नगराला नाले खणावे लागतात, हिरवळीचे सखल पट्टे आणि तळी राखावी लागतात. परंतु जेथे पाणी व गवत एकत्र येतात, तेथे माणसाने न बोलाविलेले जीवही येतात.

त्यांत सर्वांत घातक ठरतो तो डास. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची साथ पसरली व अनेक माणसे दगावली. अशा वेळी लोकांचा रोष प्रथम उघड्या नाल्यावर वळतो. वस्तुतः डेंग्यू पसरविणारा एडिस डास बहुधा घराजवळच्या लहान व स्वच्छ साठ्यांत, म्हणजे कूलर, टाकी, टाकलेला टायर यांत अंडी घालतो. घाण गटारात वाढतो तो क्युलेक्स. हत्तीरोगाचे जंतू तोच वाहून नेतो. हिवतापाच्या ॲनॉफिलिसला डबक्यांचे आणि तळ्याकाठचे संथ पाणी मानवते. तेव्हा सर्व पाण्याला एकच उपाय लागू पडत नाही.

अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासाला उष्ण हवेत साधारणतः एक आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पावसानंतर तीन दिवसांत कोरडा होणारा सखल पट्टा निर्धोक असतो. गाळाने तुंबून पंधरा दिवस ओला राहणारा पट्टा मात्र डासांचे आगर बनतो. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने टिकतात. त्यामुळे कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, तो घासावाही लागतो.

कायम पाणी असलेल्या तळ्यात अळ्या खाणारे मासे उपयोगी पडतात. १९२८ साली इटलीतून भारतात आणलेला गंबुशिया यासाठीच प्रसिद्ध झाला. परंतु तो स्थानिक माशांची अंडी व पिले आणि बेडकांची पिलेही खातो. बेडूक तर स्वतःच कीटकभक्षक! म्हणून असा मासा बंदिस्त टाकीत सोडावा, नैसर्गिक तळ्यात नव्हे.

दुसरा पाहुणा घूस. काठावरचे उंच गवत तिला आडोसा देते आणि जवळचा कचरा अन्न पुरवितो. तिच्या बिळांनी बांध पोखरला जातो. पुराचे पाणी बिळांत शिरले की ती घरांकडे धाव घेते. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची झळ सोसली. घुशींमागून साप येतात. त्यांतील धामण बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. तिला मारणे म्हणजे उंदरांना अभय देणे होय. नाग किंवा घोणस दिसल्यास जाणकारास बोलवावे.

म्हणजेच लढाई प्राण्याशी नसून त्याला आपण पुरविलेल्या सोयींशी आहे. पावसाळ्यापूर्वी गाळ काढणे, काठाचे गवत आखूड ठेवणे, कचरा दूर नेणे आणि दर आठवड्यास साचलेले पाणी पाहणे, ही कामे विषारी फवाऱ्यापेक्षा स्वस्त आहेत. फवाऱ्याचा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो. वाहता राहिलेला नाला मात्र संपूर्ण पावसाळा राखण करतो.