मद्यासक्तीच्या प्रसाराचे गणिती प्रारूप
मद्यासक्तीच्या प्रसाराचे गणिती प्रारूप म्हणजे दारूचे व्यसन माणसांच्या परस्परसंबंधांतून कसे पसरते, हे समीकरणांनी मांडण्याची पद्धत होय. तिचा पाया कर्मॅक व मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या साथरोग-सिद्धान्तात आहे. तो त्यांनी मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिला होता. या प्रारूपात लोकसंख्येचे मर्यादित पिणारे, व्यसनी व व्यसनमुक्त असे तीन गट मानतात. मूळ सिद्धान्तात बरा झालेला रोगी पुन्हा आजारी पडत नाही. व्यसनमुक्त व्यक्ती मात्र जुन्या संगतीत पुन्हा व्यसनाकडे वळू शकते. असे वळणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्यास, एका व्यसनी व्यक्तीमागे सरासरी एकाहून कमी नवे व्यसनी घडत असले तरी व्यसन समाजात टिकून राहू शकते. म्हणून उपचारांइतकाच उपचारांनंतरचा आधार महत्त्वाचा ठरतो.