पाव टिकचा फरक

२००८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन या गावी एका वाद्यपथकाला ९८.१२५ गुण मिळाले आणि दुसऱ्याला ९८.१००. पहिलं पथक इलिनॉयमधल्या रॉकफर्डचं ‘फँटम रेजिमेंट’, दुसरं कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डचं ‘ब्लू डेव्हिल्स’. फँटमने त्या वर्षी स्पार्टाकसच्या बंडाची गोष्ट मैदानावर उभी केली होती आणि प्रेक्षक त्यांच्यावर फिदा होते. विजेतेपद ठरलं ते ०.०२५ने, म्हणजे एका गुणाच्या चाळिसाव्या भागाने. एवढ्याशा फरकावरून कोण सरस हे ठरतं का, हा वाद अजून चालू आहे. तो मिटावा अशी तिथल्या रसिकांची इच्छाही दिसत नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचा निकाल लागल्यावर भरत नाट्य मंदिराच्या आवारात काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

या प्रकाराला ड्रम कोर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दीडशेच्या आसपास मुलंमुली दहा-बारा मिनिटं वाजवत, धावत, नाचत एक अखंड प्रयोग सादर करतात. वाद्यं मुख्यतः पितळेची आणि तालाची, सोबत झेंडे, लाकडी रायफली नि तलवारी फिरवणारा कलर गार्ड. मुख्य स्पर्धेतले वादक बाविशीच्या आतले. उन्हाळाभर हे सगळे बसमधून गावोगाव हिंडतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात तालीम करतात आणि रात्री स्पर्धेत उतरतात. त्यासाठी पदरचे काही हजार डॉलर मोजतात. कोणालाही मानधन नाही. ऑगस्टच्या अंतिम फेरीत बारा पथकं पोचतात. तेराव्या क्रमांकाचं दुःख हा या मंडळींच्या गप्पांतला स्वतंत्र अध्याय आहे.

मुळात हा माजी सैनिकांच्या संघटनांचा उपक्रम. अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या दोन संघटना स्पर्धा भरवत, नियम करत, परीक्षक नेमत. त्यामुळे वळण लष्करी. साठच्या दशकाच्या शेवटी मात्र पोरांना वेगळं काही करायचं होतं. १९७१मध्ये न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी युद्धविरोधी प्रयोग केला आणि मैदानावर शांतीचं चिन्ह रचलं. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, माजी सैनिकांच्या वर्तुळात! त्याच सुमारास वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स, शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन अशा पथकप्रमुखांनी कारभार आपल्या हाती घ्यायचं ठरवलं. त्यातून ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’, म्हणजे डीसीआय उभी राहिली. १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि अॅनाहाइम किंग्समेन जिंकले. सत्ता बदलली, पण गुणपत्रिकेचा आत्मा जुनाच राहिला. वादाचं मूळ तिथे आहे.

त्या आत्म्याचं नाव टिक. वादनाचा आणि चालीचा काटेकोरपणा जोखणारे परीक्षक कागद घेऊन थेट मैदानात, वादकांच्या रांगांमध्ये शिरत. पथकाच्या नावावर आधीच पूर्ण गुण असत आणि चूक दिसली की एक खूण, म्हणजे एक दशांश वजा. पाय चुकला, टिक. स्नेअर ड्रमच्या रांगेत एकाची काठी क्षणभर आधी पडली, टिक. परिणामकारकतेचे गुण वेगळे आणि चढते असत, पण दरारा टिकचाच. आजही जुने रसिक हळहळतात की तेव्हा निदान कशाचे गुण गेले ते कळायचं, चूक मोजता यायची.

मोजता यायची, पण कोणाला? रांगेपासून हातभर अंतरावर उभ्या माणसाला. परीक्षक त्या क्षणी ज्या रांगेपाशी असेल तिची चूक पकडली जाई, पलीकडची सुटे. एकाचे कान तिखट, दुसऱ्याचे सौम्य. शिवाय कठीण रचना वाजवणाऱ्याला चुकायला जास्त जागा. म्हणून अंतिम फेरी जवळ आली की अवघड जागा सोप्या करून घेण्याचं शहाणपण रूढ झालं. मला या पद्धतीबद्दलच्या हळहळीत फारसं तथ्य वाटत नाही. जी मोजणी माणसाला कमी वाजवायला शिकवते ती प्रामाणिक असली तरी काय कामाची?

१९८३च्या हंगामानंतर टिक गेली. १९८४पासून परीक्षक शून्यातून वर चढत गुण देऊ लागले: काय वाजवायला घेतलं आहे आणि ते किती साधलं आहे, दोन्ही पाहून. १९८३ला ९४.४ गुणांनी जिंकलेल्या गारफील्ड कॅडेट्सना १९८४ला ९८.० मिळाले. पोरं एका वर्षात साडेतीन गुणांनी सुधारली असं म्हणायला कोणी धजणार नाही. पट्टीच बदलली होती. अर्थात कॅडेट्स होतेही अफाट. त्यांचा संचलन-रचनाकार जॉर्ज झिंगाली याने सरळ रेषा आणि चौकोन मोडून आकृत्या वाहत्या केल्या. १९८३च्या प्रयोगातली इंग्रजी झेड अक्षरासारखी उलगडत जाणारी रेषा लोक अजून नावाने ओळखतात. त्या वेगात पावलं टिकच्या हिशेबाने निर्दोष ठेवणं कठीणच होतं. नवी पत्रिका आणि नवी कला एकमेकींना सोयीच्या ठरल्या. कॅडेट्सनी सलग तीन वर्षं विजेतेपद मिळवलं.

आजची पत्रिका अशी: एकूण परिणामाला ४० गुण, दृश्याला ३०, संगीताला ३०. दृश्य आणि संगीत या प्रत्येकात वीस गुणांचे तीन भाग असतात आणि त्यांची बेरीज निम्मी केली जाते. अशा भागाकारांतूनच हजाराव्या स्थानाचे आकडे उगवतात. निम्म्याहून अधिक परीक्षक आता वर, प्रेक्षागाराच्या उंचीवर बसतात आणि प्रयोग चालू असतानाच आपलं भाष्य ध्वनिमुद्रित करतात. पथकाचे शिक्षक ते ऐकून रचना दुरुस्त करतात. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात उपयोगी ऐवज ती ध्वनिमुद्रणंच आहेत.

कारण आकडा हे माप नव्हेच. परीक्षकाचं खरं काम त्या रात्रीच्या पथकांना क्रमाने लावणं आणि त्यांच्यातलं अंतर ठेवणं. पुढे कोण उतरणार आहे याची जाण ठेवून त्याला वर जागा सोडावी लागते. जूनमध्ये अव्वल पथकालाही सत्तरीतले गुण मिळतात, ऑगस्टमध्ये तेच नव्वदीच्या शेवटी पोचतं. म्हणून वेगवेगळ्या रात्रींचे, त्याहून वेगवेगळ्या वर्षांचे गुण शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ. हे रसिकांना ठाऊक असतं, तरी ते तुलना करतातच. २०१४मध्ये ब्लू डेव्हिल्सना ९९.६५ गुण मिळाले, तो विक्रम. उरलेले पस्तीस शतांश नेमके कुठे गेले, हे कोणीही बोट ठेवून दाखवू शकणार नाही. उलट १९९६, १९९९ आणि २००० या पाच वर्षांत तीनदा विजेतेपद दोन पथकांत वाटलं गेलं. इतकी बारीक पट्टी, तरी तीनदा बरोबरी!

परीक्षक आधीच्या निकालांवरून जागा ठरवून टाकतात, असा रसिकांचा कायमचा संशय आहे. त्याला ते ‘स्लॉटिंग’ म्हणतात. संशय निराधार म्हणवत नाही, कारण क्रम लावणाऱ्या माणसाला कालचा क्रम विसरता येत नाही. पण त्यात कारस्थान शोधणाऱ्यांनी मैदानाचं भौतिकशास्त्र आधी समजून घ्यावं.

मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. मागच्या कडेवरचा आवाज पुढच्या कडेपर्यंत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एवढ्या वेळात जवळजवळ अर्धी मात्रा निघून जाते. म्हणजे मागचे आणि पुढचे वादक समोरून लय देणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताकडे पाहून एकाच क्षणी वाजवू लागले, तर प्रेक्षकाला ते फाटलेलं ऐकू येईल. म्हणून पुढच्यांनी हाताकडे न पाहता मागून येणाऱ्या ड्रमच्या आवाजावर वाजवायचं असतं. वरच्या परीक्षकाला चोख ऐकू यावं म्हणून पुढचा वादक मुद्दाम उशिरा वाजवतो. मैदानात उभ्या माणसाला तेच वादन निराळं ऐकू येणार. कुठे उभं राहून ऐकायचं, हाच इथल्या बहुतेक भांडणांचा गाभा आहे.

१९९३चा स्टार ऑफ इंडियानाचा प्रयोग याच भांडणात सापडला. वैद्यकीय उपकरणांचे उद्योगपती बिल कुक यांनी उभं केलेलं हे पथक १९९१ला विजेतं ठरलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी बार्बर आणि बार्टोक यांचं संगीत घेतलं: कोरडं, टोकदार, टाळ्यांसाठी न थांबणारं. काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत ते कॅडेट्सकडून एका दशांशाने हरले आणि पथकाने स्पर्धाच सोडली. त्याच मंडळींच्या कामातून पुढे ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग घडला आणि त्याला २००१मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. आज १९९३चा तो प्रयोग न आवडणारा रसिक शोधावा लागतो. हुर्यो करणारे कुठे गेले कोण जाणे.

तंत्रावरचे वाद मला जास्त गमतीचे वाटतात, कारण तिथे इतिहास हाताच्या बोटांत अडकलेला असतो. स्नेअर वाजवणारे बहुतेक जण डावी काठी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरतात. ही पारंपरिक पकड. पूर्वी ड्रम पट्ट्याने खांद्यावरून लटके आणि डाव्या पायावर तिरका झुके. तिरक्या ड्रमवर डावा हात उलटा धरणंच सोपं. पुढे खांद्यावरची धातूची चौकट आली, ड्रम सपाट झाला, कारण संपलं, पकड मात्र राहिली. दोन्ही हातांत सारखी पकड हवी म्हणणारे विचारतात: एकच काम करायला दोन वेगवेगळे हात का शिकवायचे? समोरचा पक्ष म्हणतो, दिसायला देखणं असतं. गुणपत्रिकेत पकडीला एक शतांशही नाही, तरी यावर रात्री जागवल्या जातात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केव्हलारची पानं आली, बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जॅकेटांतलं द्रव्य. ती इतकी ताणली जाऊ लागली की ड्रमची जुनी बांधणी तो ताण झेलेना. काठी टेबलावर आपटावी तशी उसळू लागली, प्रत्येक बोल सुटा ऐकू येऊ लागला, आणि चूकही.

पायांचंही तसंच. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे साडेबावीस इंचांचं एक पाऊल, हे मूळ माप. गुडघा ताठ ठेवला की रेषा लांबसडक दिसते आणि कोण मात्रेबाहेर आहे ते लगेच उघडं पडतं. गुडघा वाकवला की लहानमोठ्या पावलांतले सांधे झाकले जातात.

नियमांवरच्या भांडणाचा सूर मात्र कडवट असतो. जी स्वराच्या ब्युगलला १९७७मध्ये दुसरी कळ मिळाली, १९९०मध्ये तिसरी, २०००मध्ये कुठल्याही स्वराची वाद्यं चालू लागली आणि २०१४मध्ये ट्रॉम्बोनही आत आले. मरिंबा, झायलोफोन १९८२पासून पुढच्या कडेला जमिनीवर ठेवता येऊ लागले. २००४मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९मध्ये सिंथेसायझर. दर वेळी ‘आता हे ड्रम कोर राहिलं नाही’ असं म्हणणारी एक पिढी निवृत्त झाली.

ध्वनिवर्धकाची बाजू भक्कम होती. उघड्या मैदानावर मरिंबा ऐकू यावा म्हणून मुलं तो कडक काठ्यांनी बडवत होती. मायक्रोफोनमुळे तो वाजवता येऊ लागला. सिंथेसायझरबद्दल मला तितकी खात्री नाही. खर्जाचा एक दणका स्पीकरमधून सुटला की ट्यूबावाल्यांनी उन्हाळाभर केलेली मेहनत त्याखाली गाडली जाते. मग परीक्षक ज्या समतोलाला गुण देतो तो वादकांचा, की ध्वनियंत्रापाशी बसलेल्या माणसाचा? त्यात २००९पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, छताखालच्या घुमणाऱ्या जागेत होते. दोन वेगळ्या खुर्च्यांवर दोन वेगळे प्रयोग ऐकू येतात. लाकडी फुंकवाद्यांना परवानगी द्या, असा विषय निघाला की अजूनही वातावरण तापतं: स्पीकरमधून तंतुवाद्यांचे थरच्या थर चालतात, मग क्लॅरिनेटनेच काय पाप केलं?

नियमांवर मत देतात ते पथकांचे संचालक. रसिकांना मत नसतं, फक्त तिकीट असतं. त्यातले काही जण तेही नंतर वापरतात. पथकं स्पर्धेआधी वाहनतळावर सराव करतात तिथे ही मंडळी आधी जातात, ड्रमच्या रांगेसमोर पाच फुटांवर फेर धरून उभी राहतात आणि आत कोण जिंकणार ते तिथल्या तिथे ठरवून टाकतात. त्यांचा निकाल पुष्कळदा चुकतो, कारण दृश्याचे तीस गुण त्यांनी धरलेलेच नसतात.