इंटरनेटची तोंडओळख : चावी आपल्याच हाती असू द्या



उसाचे बिल जमा झाले की हल्ली खिशातला फोन वाजतो. पण तो संदेश वाचायला आपल्यातले कितीतरी जण अजून नातवाला हाक मारतात. नातू वाचतो, त्यात वाईट काही नाही. पण ऊस आपला, खाते आपले. तर चावीही आपल्याच हाती हवी. म्हणून हा लेखप्रपंच.

इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे. मुख्य कालवा, पोटचाऱ्या आणि शेवटी आपली सरी, तसेच हे. त्यातून जी पाने आपल्या फोनवर उघडतात, ते ‘वेब’. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत मांडली. १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना दिले.

ऊसवाल्यांना हे परके नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांतल्या संगणकावर उसाची नोंद, तोडणी, वजन यांची माहिती मिळू लागली. पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्याचा प्रश्न एकच होता : माझा ऊस किती भरला?

आता रोजच्या वापराचे. महाभूलेखवर सातबारा पाहता येतो; सहीचा उतारा हवा तर फी भरून डिजिटल सहीचा काढता येतो. हवामान खात्याचा अंदाज पाहून पाण्याची पाळी ठरवता येते. गूगलवर मराठीत बोलूनही शोधता येते. मात्र सर्वात वर दिसते ते खरेच असते असे नाही. वर जाहिरातही असते. बँकेचा फोन नंबर तिथून उचलू नका, पासबुकावरचा घ्या.

आणि हे तर गाठीच बांधा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा कितीही साहेबी बोलू दे. अनोळखी माणसाने पाठवलेले ॲप उतरवू नका. तरीही फसगत झालीच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन लावा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

काट्यावरची पावती आपण कधी न वाचता खिशात घातली नाही. मग फोनवरचीच का घालावी?

जय सहकार!