रात्री पाय गप्प बसत नाहीत? रेस्टलेस लेग्ज, चहा, लोह आणि तुमचं स्मार्टवॉच

रात्रीचे साडेअकरा झालेत. मोबाईल चार्जिंगला लावला, लाइट बंद केला, आडवे झालात. पाचच मिनिटांत पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. धड दुखत नाही, धड खाजत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा सुरू. शेवटी तुम्ही उठता, हॉलमध्ये चार फेऱ्या मारता, परत येता आणि झोप लागत नाही म्हणून पुन्हा मोबाईल हातात घेता.

हे वारंवार होत असेल तर त्याला नाव आहे, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, थोडक्यात आरएलएस. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. आपल्याकडे लोक 'पाय वळवळतात', 'पोटऱ्या ओढतात' असं म्हणतात आणि घरातल्या कुणाकडून तरी पाय चेपून घेतात. डॉक्टरकडे मात्र कुणी जात नाही, कारण 'पाय वळवळतात' हे काय सांगायचं कारण झालं?

ओळखायचं कसं? डॉक्टर मुख्यतः हे बघतात: पाय हलवायची अनावर इच्छा होते, ती बसल्यावर किंवा झोपल्यावर सुरू होते, हालचाल केली की कमी होते आणि संध्याकाळी-रात्री वाढते. शिवाय त्यामागे दुसरं काही कारण नाही ना, तेही तपासतात. पोटरीत गोळा येणं वेगळं, पायाला मुंग्या येणं वेगळं. आणि खुर्चीत बसून गुडघा हलवत राहायची सवय, जिच्यावरून आजी 'पाय हलवू नको, लक्ष्मी जाते' म्हणून ओरडते, तीही वेगळी. ती सवय आपण ठरवलं तर थांबवू शकतो. आरएलएसमध्ये थांबवलं की जीव कासावीस होतो.

घड्याळात ९८ टक्के, मग रक्त ठीक ना?

माझा एक मित्र वाळूज एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. दोन वर्षं त्याने हा त्रास 'उभं राहून थकवा येतो' म्हणत काढला. त्याचं म्हणणं असं की रक्त कमी असतं तर कळलं असतं. मनगटावरचं घड्याळ रोज ऑक्सिजन ९८ टक्के दाखवतंय. शिवाय तो दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो. जयंती कुठलीही असो, शिबिरात हा हजर. तिथे दरवेळी हिमोग्लोबिन तपासतात आणि हा दरवेळी पास होतो.

इथे तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेत.

घड्याळ त्वचेवर लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश टाकतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून घड्याळ एवढंच सांगतं की तुमच्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय. हिमोग्लोबिन मुळात आहे किती, हे त्याला कळत नाही. एसटीतल्या सगळ्या सीट भरल्यात, हे सांगता येतं म्हणून डेपोत गाड्या किती आहेत ते कळत नाही, तसंच हे. रक्त बरंच कमी असलेल्या माणसाच्या घड्याळातही ९८ दिसू शकतं.

रक्तदानाच्या वेळी हिमोग्लोबिन किमान १२.५ आहे का, एवढंच बघतात. तो आकडा चालू खात्याचा म्हणा. शरीरात साठवलेलं लोह म्हणजे मुदत ठेव, आणि तिचा अंदाज देणाऱ्या तपासणीचं नाव सिरम फेरिटिन. शरीर आधी ठेव मोडतं, चालू खातं शेवटी रिकामं होतं. ३५० मिलिलिटरच्या एका रक्तदानात साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून दिवसाला शरीरात मुरतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. वर्षात चार वेळा रक्त देणाऱ्याची ठेव कशी संपते, तो हिशोब तुम्हीच करा. रक्तदान बंद करा असं मी म्हणत नाहीये. नियमित देणाऱ्याने फेरिटिन बघून घ्यावं, एवढंच.

पायांचा आणि लोहाचा संबंध काय? पायांची हालचाल सांभाळण्यात मेंदूतल्या डोपामिनचा मोठा वाटा असतो आणि डोपामिन तयार करायला लोह लागतं. आरएलएस असलेल्या अनेकांच्या मेंदूत लोह कमी आढळलंय. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही पाय वळवळू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फेरिटिनच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' ची खालची मर्यादा बऱ्याच लॅबमध्ये खूप कमी असते. तुमचा आकडा २५ आला तर तो ठळक अक्षरात छापला जाणार नाही, ठीकच वाटेल. पण आरएलएसचा त्रास असलेल्या मोठ्या माणसात ७५ किंवा त्याखाली आकडा आला तर लोह देण्याचा विचार करावा, असं या आजाराचे तज्ज्ञ सांगतात. त्यामुळे रिपोर्ट दाखवताना 'पाय वळवळतात म्हणून तपासलं' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासणी बरं झाल्यावर करा. आणि तपासणीशिवाय मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका. लोह जास्त झालं तर तेही घातक असतं.

मुलींनी हे जास्त मनावर घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना, ५४.२ टक्के, रक्तक्षय आढळला होता. गरोदरपणात तर आरएलएस बराच दिसतो, बहुतेक वेळा बाळंतपणानंतर तो आपोआप कमी होतो.

मग रोज करायचं काय?

सुरुवात चहापासून. अभ्यासिकेत रात्री नऊला टपरीवरचा कडक चहा मारला, तर त्यातलं निम्मं कॅफीन रात्री दोनच्या सुमाराससुद्धा अंगात असू शकतं. अनेकांचा त्रास कॅफीनने वाढतो. दोन आठवडे दुपारनंतरचा चहा, कॉफी, कोला आणि एनर्जी ड्रिंक बंद करून बघा. दुसरं म्हणजे चहातलं टॅनिन जेवणातलं लोह शरीरात मुरू देत नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा नको. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी हे आपल्या मराठवाड्याचं रोजचंच जेवण आहे. त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा खा, सी जीवनसत्त्वामुळे लोह जास्त मुरतं. मांसाहार करत असाल तर त्यातलं लोह आणखी सहज मुरतं. गुळाचं कौतुक मात्र जरा जास्तच झालंय, गुळाच्या खड्याने लोहाची ठेव भरत नाही. तंबाखू, सिगारेट आणि दारूनेही त्रास वाढू शकतो.

व्यायामाचा फायदा खरंच होतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठवड्याला तीन दिवस, असा १२ आठवडे चालण्याचा आणि पायांचा व्यायाम करणाऱ्यांचा त्रास न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता. सकाळी गोगाबाबा टेकडी चढा, नाहीतर संध्याकाळी विद्यापीठ परिसरात चाला. रात्री दहाला जिममध्ये जाऊन लेग डे करू नका, अति व्यायामाने उलट त्रास वाढतो. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणा, चोळा. थंडीत गरम पाण्याने आणि मे महिन्याच्या उकाड्यात गार पाण्याने पाय धुवून बघा, कुणाला हे मानवतं, कुणाला ते.

शिफ्टवाल्यांचं अवघड आहे, तिथे मी सोपा उपाय सांगणार नाही. जमेल तेवढी उठायची वेळ एक ठेवा आणि झोपेचे एकूण तास कमी होऊ देऊ नका, कारण अपुऱ्या झोपेने हा त्रास वाढतो.

रात्रीच्या प्रवासात आरएलएसवाल्यांचे हाल विचारू नका. ट्रॅव्हल्सच्या वरच्या स्लीपरमध्ये अडकलात तर पुण्यापर्यंत पाय आपटत जावं लागतं. बसमध्ये कडेची सीट घ्या, देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाताना खालचा बर्थ मागा, म्हणजे उठून बोगीत फिरता येतं.

मोबाईलमुळे होतं का हे?

मोबाईलमुळे आरएलएस होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण अंथरुणात निपचित पडून एकपर्यंत रील्स बघणं म्हणजे पाय स्थिर, वेळ रात्रीची आणि झोप कमी, म्हणजे त्रासाला आमंत्रणच. गंमत अशी की डोकं गुंतवणारं काम केलं की त्रास काही वेळ कमी होतो. बसमध्ये किंवा थिएटरबाहेर थांबलेले असताना पाय वळवळायला लागले, तर बुद्धिबळ किंवा शब्दकोडं खेळा, डॉक्टरही हे सुचवतात. हे जागेपणीच्या वेळेसाठी. झोपताना बेडटाइम मोड लावा आणि फोन हात पोचणार नाही इतका लांब ठेवा.

रील्समधून विकले जाणारे मॅग्नेशियमचे स्प्रे घ्यायची घाई करू नका, त्याचे पुरावे कच्चे आहेत. त्यापेक्षा घरातल्या गोळ्या तपासा. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांमध्ये असणारं क्लोरफेनिरामिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, बदलता येईल का ते विचारा. काकांची पायांची गोळी मागून घेणंही नको. या आजारात आधी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी काही काळाने त्रास उलटा वाढतो, म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये ती नेहमीसाठी वापरू नयेत असं म्हटलंय.

मनगटावरच्या घड्याळाला पाय दिसत नाहीत, त्यामुळे त्याच्या झोपेच्या आलेखावर फार विसंबू नका. नोट्स अ‍ॅपमध्ये दोन आठवडे रोज एक ओळ लिहा: त्रास किती वाजता सुरू झाला, शेवटचा चहा कधी घेतला, चाललो का, कुठली गोळी घेतली, झोप कधी लागली. झोपेत पाय झटकत असतील तर घरच्यांना मिनिटभराचा व्हिडिओ काढायला सांगा. ती नोंद आणि व्हिडिओ घेऊन फॅमिली डॉक्टरकडे किंवा घाटीच्या मेडिसिन ओपीडीत जा आणि फेरिटिनचं स्वतःहून विचारा. रक्त शक्यतो सकाळी द्या, आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती आदल्या दिवशी घ्यायची का, हेही तिथेच विचारून घ्या.