शस्त्र बोलू लागते तेव्हा

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात एका विषकन्येचा उल्लेख येतो. चंद्रगुप्ताचा घात करण्यासाठी अमात्य राक्षसाने तिची योजना केलेली असते. चाणक्य तिला पर्वतकाकडे वळवतो, आणि त्या हत्येचा आळ राक्षसावरच येईल अशी व्यवस्था करतो. दोन कुशाग्र अमात्यांच्या या डावाचे कौतुक रसिक आजवर करीत आले आहेत. परंतु ज्या मुलीच्या देहावर हा डाव खेळला गेला, ती रंगभूमीवर येत नाही. तिला नाव नाही आणि तिच्या तोंडी एक वाक्यही नाही. शस्त्राचे मत विचारण्याची प्रथा राजनीतीत नसते.

हीच कल्पना सिकंदराविषयीच्या दंतकथांतून पश्चिमेकडे पोहोचली. नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रॅपाचिनीज डॉटर’ या कथेत, भारतीय राजाने सिकंदराकडे पाठवलेल्या विषमय सुंदरीची आख्यायिका एका पात्राच्या तोंडून ऐकवली आहे. हॉथॉर्नच्या बिआट्रिसला नाव मिळाले, वाणी मिळाली. तथापि आपण तिला पाहतो ते मुख्यतः तिच्यावर अनुरक्त झालेल्या तरुणाच्या संशयग्रस्त दृष्टीतून. विषकन्येने स्वतःची कथा स्वतः सांगावी, ही पुढची पायरी बाकी होती.

ती पायरी अलीकडच्या काळात एका अनपेक्षित वाङ्मयप्रकाराने गाठली. इंग्रजीत तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचे दालन आता फार विस्तारले आहे. आपल्याकडील कुमारवाङ्मयाहून त्याचा वाचक वयाने थोडा पुढचा. बालपण सुटलेला, पण प्रौढांच्या जगाने अद्याप न स्वीकारलेला. या दालनात विपरीत राज्याची, म्हणजे आदर्श राज्याच्या स्वप्नाची उलटी बाजू दाखवणारी कथा विशेष रुजली. त्याचे कारण उघड आहे. आपल्या वतीने सर्व निर्णय दुसरेच घेतात, हा त्या वयाचा नित्याचा अनुभव. जुलमी राज्य हे त्याच अनुभवाचे विराट रूप होय.

ताहेरेह माफी या इराणी स्थलांतरितांच्या कुटुंबात जन्मलेल्या अमेरिकन लेखिकेची ‘शॅटर मी’ ही कादंबरी २०११ साली आली, आणि तिचा उत्तरभाग ‘अनरॅव्हल मी’ २०१३ साली. नायिका ज्युलिएट सतरा वर्षांची आहे. तिच्या त्वचेचा स्पर्श प्राणघातक ठरतो. एका लहान मुलाला आधार देऊ गेली असता तो तिच्या हातून मरतो, आणि पुढे तिला कोठडीत डांबले जाते; पहिली कादंबरी उघडते तेव्हा तेथे तिचे २६४ दिवस गेलेले असतात. निसर्ग विस्कटलेल्या जगावर सत्ता गाजवणाऱ्या ‘रीएस्टॅब्लिशमेंट’ या राजवटीचा तरुण सेनाधिकारी वॉर्नर तिला बाहेर काढतो, तो छळाचे साधन म्हणून वापरण्यासाठी. तेथून ती निसटते आणि ‘ओमेगा पॉइंट’ या बंडखोरांच्या भूमिगत वसाहतीत पोहोचते. येथवरची कथा परिचित साच्यातली आहे.

उत्तरभागाचे महत्त्व येथून सुरू होते. वसाहतीचा प्रमुख कॅसल हा सज्जन आहे. तेथील माणसांच्या अंगी निरनिराळ्या अद्भुत शक्ती आहेत. ज्युलिएटला तेथे अन्न, निवारा आणि बरोबरीची वागणूक मिळते. परंतु युद्ध जवळ येत आहे, आणि तिने आपली शक्ती अभ्यासाने ताब्यात आणावी अशी तेथेही अपेक्षा आहे. जुलमी माणसाने शस्त्र म्हटले तर नकार देणे सोपे असते. ज्याने आपल्याला वाचवले, ज्याचा पक्ष न्यायाचा आहे, त्यालाही आपला उपयोग हवा असेल तर नकार कोणत्या तोंडाने द्यावा? या कादंबरीचा खरा प्रश्न हा आहे.

लेखिका त्याचे उत्तर भाषेच्या द्वारा शोधते. निवेदन प्रथमपुरुषी आहे. पहिल्या भागात ज्युलिएट लिहिते आणि लिहिलेले खोडते. ती खोडलेली वाक्ये छापील पानावर रेघेसह तशीच राहतात. भीतीने दडपलेले मन आणि त्याने स्वतःवर बसवलेला अभ्यवेक्षक, दोन्ही एकाच ओळीत दिसतात. मालिका पुढे सरकते तशा या खोडी कमी होत जातात. मुलगी आपले वाक्य मागे घेईनाशी होते. शक्तीवर ताबा मिळवणे आणि वाक्यावर ताबा मिळवणे ही येथे एकच घटना आहे. शीर्षकेही पाहण्यासारखी आहेत: ‘मला फोडून टाक’, ‘मला उसव’, आणि २०१४ सालच्या तिसऱ्या भागाचे ‘मला पेटव’. तिन्ही आज्ञार्थी, आणि तिन्हींत ‘मी’ कर्माच्या स्थानी. कर्माने कर्ता होण्याचा प्रयत्न, हे या मालिकेचे सूत्र मुखपृष्ठावरच सांगितलेले आहे.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘मॉकिंगजे’शी (२०१०) तुलना केली असता माफी यांची मर्यादा स्पष्ट होते. तेथे कॅटनिस या मुलीला बंडखोरच चित्रफितींतून प्रचाराचे प्रतीक बनवतात, आणि अखेरीस ती आपला बाण बंडाच्या अध्यक्ष कॉइन यांच्यावरच सोडते. उपयोग करून घेणाऱ्या मित्रपक्षाची चिकित्सा तेथे निर्णायक टोकाला जाते. ‘अनरॅव्हल मी’मध्ये हा प्रश्न उपस्थित होतो, परंतु ॲडम आणि वॉर्नर या दोन तरुणांमधील ओढाताण त्याची बरीच जागा व्यापते. राज्य कसे चालते, भूक कोणाची, कर कोणाचा, याविषयी वाचकाला फारसे काही कळत नाही.

तरीही ही प्रेमकथा केवळ रंजनाचा भाग म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. ॲडमला ज्युलिएटचा स्पर्श सोसतो, कारण त्याची शक्ती दुसऱ्याची शक्ती निष्प्रभ करते. मात्र त्याचा हा प्रतिकार शिथिल झाला की त्याच्याही जिवाला धोका आहे, हे उत्तरभागात उघड होते, आणि ती त्याच्यापासून दूर होते. वॉर्नरलाही तिचा स्पर्श सोसतो, पण तो दुसऱ्याची शक्ती स्वतःत सामावून घेऊ शकतो म्हणून. एकाजवळ तिची शक्ती विझते, दुसऱ्याजवळ ती शिल्लक राहते; आणि हा दुसरा तिचा छळकर्ता होता. वाचकाला अवघडल्यासारखे वाटावे असाच हा पेच आहे. लेखिका तो पुरता सोडवत नाही. कित्येकदा भावविवशतेच्या आहारी जाते. पण पेच खरा आहे.

चाणक्याच्या डावात विषकन्येची गरज एका रात्रीपुरती होती. पुढे तिचे काय झाले हे जाणून घेण्याचे कुतूहल नाटकाला नाही. उत्तरभाग या प्रकाराची मुळातली प्रेरणा नेमकी तीच: पुढे काय झाले? मुलगी सुटली, मग ती कोठे राहिली, कोणाबरोबर जेवली, आपल्या हातांचे तिने काय केले? असे प्रश्न तरुण वाचकांसाठीची एक सदोष कादंबरी विचारते, आणि ते विचारले गेल्यानंतर ‘मुद्राराक्षसा’तील त्या निनावी मुलीचे मौन आपल्याला पूर्वीइतके स्वाभाविक वाटत नाही.