प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : मज्जातंतू कसे वाचले?

प्रोस्टेट ग्रंथी शरीरात जिथे बसली आहे, त्या जागेतच तिच्या शस्त्रक्रियेची सारी अडचण आहे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी ओटीपोटात खोलवर, मूत्राशयाच्या तोंडाशी असते. मूत्रमार्ग तिच्यामधूनच जातो. मागे गुदाशय, पुढे जाड शिरांचं जाळं आणि खाली लघवी रोखून धरणारा स्नायू. कर्करोग ग्रंथीबाहेर गेलेला नसेल, तर ती संपूर्ण काढून रुग्ण बरा होऊ शकतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्येच ही शस्त्रक्रिया केली होती. तरीही पुढची अनेक दशकं रुग्ण आणि डॉक्टर दोघंही तिला बिचकत राहिले. रक्तस्राव भयंकर होई, अनेकांचा लघवीवरचा ताबा सुटे आणि लैंगिक क्षमता तर जवळजवळ सगळ्यांचीच जाई.

पॅट्रिक वॉल्श १९७४ मध्ये त्याच रुग्णालयाच्या मूत्ररोग संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी आधी रक्तस्रावाचा प्रश्न हाती घेतला. रक्ताने भरलेल्या जागेत काही दिसत नाही. हाताच्या अंदाजाने कापावं लागतं. ग्रंथीच्या पुढच्या शिरा नेमक्या कुठून जातात हे त्यांनी शोधलं आणि त्या आधीच बांधून टाकण्याची पद्धत १९७९ मध्ये मांडली. रक्त थांबलं, तसं शस्त्रक्रियेचं क्षेत्र प्रथमच स्वच्छ दिसू लागलं.

उरला मज्जातंतूंचा प्रश्न. ग्रंथी काढली की ताठरता जाणारच, असं तेव्हा धरून चाललेलं होतं. पण १९७७ मध्ये वॉल्श यांच्या एका रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर आपली क्षमता शाबूत असल्याचं सांगितलं. मग ताठरता आणणारे मज्जातंतू ग्रंथीच्या आत असणं शक्यच नव्हतं. ते असतात तरी कुठे?

उत्तर मिळालं १९८१ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडन शहरात. निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर तिथे मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाचे मज्जातंतू शोधत होते. प्रौढांच्या शवात हे बारीक तंतू चरबीत हरवतात. अर्भकात ते स्पष्ट दिसतात. तिथे गेलेल्या वॉल्श यांनी विचारल्यावर दोघांनी मिळून शिश्नाकडे जाणारे तंतू सोडवायला घेतले. काही तासांत ते दिसले: ग्रंथीच्या बाहेर, मागच्या अंगाला, डाव्या-उजव्या बाजूंनी. प्रौढात हे तंतू डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण त्यांच्यासोबत जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्याच त्यांची खूण ठरल्या.

२६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी हे तंतू ठरवून जपत पहिली शस्त्रक्रिया केली. तिचा क्रम साधारण असा. बेंबीखाली छेद घेऊन आधी शिरांचं जाळं बांधायचं. मग स्नायूला धक्का न लावता ग्रंथीच्या टोकाशी मूत्रमार्ग कापायचा. त्यानंतरचा भाग सर्वांत नाजूक : दोन्ही बाजूंचे तंतूंचे जुडगे ग्रंथीपासून हलक्या हाताने सोडवायचे. न ताणता, आणि शक्यतो विजेच्या उष्णतेने न भाजता, कारण त्यानेही तंतू मरतात. मग ग्रंथी शुक्राशयांसह काढून मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला शिवायचं. तो सांधा भरेपर्यंत एक-दोन आठवडे लघवीची नळी राहते. ताठरता परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. ती सर्वांचीच परतते असंही नाही. वय आणि आधीची क्षमता यांवर बरंच अवलंबून असतं.

गाठ तंतूंना चिकटली असेल, तर त्या बाजूचे तंतू काढावेच लागतात. तिथे कर्करोग संपूर्ण काढणं पहिलं.

आज हेच काम दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीनेही होतं. वाचवायचे तंतू मात्र तेच. शिवाय प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' या अभ्यासात ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगाचे १,६४३ पुरुष होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नियमित देखरेख, काहीही वाट्याला आलं तरी पंधरा वर्षांत या रोगाने दगावलेल्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच राहिलं.

म्हणून निदान झाल्यावर घाबरून घाई करू नका. आपला रोग देखरेखीवर ठेवण्याजोगा आहे का, आणि शस्त्रक्रिया केलीच तर दोन्ही बाजूंचे मज्जातंतू वाचतील का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना न संकोचता विचारा.