नाताळची मराठी चाल

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. आपला तासगाव तालुकाही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. तासगाव आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 मध्ये. 9 मे 1919 रोजी टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे ओसरला, त्यांनी रचलेली पदे मात्र टिकली. मराठी चर्चमध्ये हाताशी असणाऱ्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. कृष्णाकाठच्या नाताळात काय गायले जाते आणि ते आपले का वाटते, याचे उत्तर टिळकांपाशी सुरू होते.

1895 मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानत. म्हणूनच देव बदलला तरी त्यांनी चाल बदलली नाही. अभंग, पद, आरती हीच त्यांची हत्यारे. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेले काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तडीस नेले.

ही वाट त्यांच्याही आधी मळलेली होती. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत बांधली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. त्यामागे व्यवहारही होता. इंग्रजी स्तोत्र गायचे तर प्रत्येकाच्या हाती पुस्तक हवे आणि ते वाचता यायला हवे. कीर्तनात एकाने ओळ सांगायची, टाळकऱ्यांनी ती उचलायची, धृपद पुन्हा पुन्हा फिरायचे. अक्षरओळख नसलेली माणसेही दुसऱ्या आवर्तनापासून गाऊ लागत. शिवाय अभंगाचा प्रत्येक चरण आपल्यापुरता पुरा असतो. भाषांतरित स्तोत्रात परक्या स्वरावलीच्या मापात शब्द कोंबावे लागतात, मग शब्द मधेच तुटतो आणि गाणारा अडखळतो.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती. आज भजनी मंडळाला जिच्याशिवाय चैन पडत नाही ती पेटी युरोपातून आली. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायची ही वाद्ये मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात आणली. जमिनीवर मांडी घालून गाणाऱ्यांसाठी हाताने भाता ओढायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास घडवली. चर्चमधून निघालेली पेटी अशी विठ्ठलमंदिरात पोचली आणि मंदिरातले टाळ चर्चमध्ये आले.

तासगावकराला हे समजायला दूर जायला नको. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये उभे राहिले. त्याच सुमारास त्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तरुण विष्णू दिगंबर पलुस्कर ख्याल शिकत होते आणि सतारमेकरांच्या घराघरांत भोपळ्याचे तंबोरे घडत होते. ज्या मुलखात कानच इतका तयार, तिथे नुसत्या परक्या सुरांवर नाताळ भागणे कठीणच होते.

तरी परकी गाणीही लोकांनी मनापासून आपली केली. ‘सायलेंट नाइट’ 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारवर पहिल्यांदा गायले गेले. शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रांट्स ग्रूबर यांची. त्याची लय सहा मात्रांची, त्यामुळे तबल्यावर दादरा धरला की ते सहज बसते. ‘जिंगल बेल्स’ 1857 मध्ये छापले गेले. त्यात नाताळचा उल्लेखसुद्धा नाही, आहे ती बर्फावरून धावणारी घोडागाडी. केरव्यात तेही रंगते. तासगावात डिसेंबरात बर्फ कुठला? पडलेच तर धुके पडते, आणि द्राक्ष बागायतदार डावणी रोगाच्या धास्तीने फवारणीचा पंप काढतो. पण पोरांना त्याचे काय? ठेका मिळाला की त्यांचे काम झाले.

म्हणून ‘सायलेंट नाइट’ की टिळकांचे पद, हा वाद फोल आहे. काळजीची गोष्ट वेगळी आहे. परक्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे मोबाइलवर केव्हाही मिळतात. टिळकांच्या पदांच्या चाली मात्र पुष्कळशा तोंडातून तोंडात आल्या. पुस्तकात शब्द आहेत, चाल गाणाऱ्याच्या गळ्यात. जिथे जुन्या गायकांनंतर पेटीवर बसणारा कोणी उरत नाही, तिथे शब्द शाबूत राहूनही गाणे संपते. घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींनी करंज्या-चहा घेताना यजमानांच्या घरातल्या आजीला एखादे जुने पद म्हणायला लावावे आणि मोबाइलवर ते मुद्रित करून घ्यावे. मग शेजारच्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्यालाही खुशाल बोलवावे. ठेका त्याला शिकवावा लागणार नाही.